उजेड कुठून येतोय?

नाशिकमध्ये चित्रप्रदर्शनाचं परीक्षण करायचं म्हणजे आधी गोदाघाट पार करावा लागतो. कुठलंही प्रदर्शन घ्या, दारातून आत शिरलं की चार पावलांत नारोशंकराचं मंदिर समोर येणारच. मग रामकुंड, मग होळकर पूल, मग पुन्हा नारोशंकर, या खेपेला जरा जवळून. याबद्दल माझी तक्रार नाही. वा. गो. कुलकर्णींसारख्यांनी ज्या गावात चित्रकलेचं शिक्षण रुजवलं, शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी ज्या गावाला त्याचाच घाट पुन्हा बघायला लावला, तिथे रविवारी सकाळी बोर्ड मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसणं हे ओघानेच आलं. मीही बसले आहे, थंडीत बोटं आखडेपर्यंत. पण प्रदर्शनात दर चार चित्रांमागे एक घाट असला की परीक्षकाची पंचाईत होते, कारण घाट त्याला पाठ असतो. चित्र बघण्याआधीच तो चुका काढायला लागतो.

मी परीक्षण केलं ते प्रदर्शन हौशी चित्रकारांच्या एका मंडळाचं. बँकेतून निवृत्त झालेले, ओझरला एचएएलमध्ये नोकरी केलेले, दातांचे डॉक्टर, शिकवणी घेणाऱ्या बायका, आर्किटेक्चरची दोन-चार मुलं. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, सगळे मिळून प्रदर्शन भरवतात. परीक्षक तिघं होतो. एक ज्येष्ठ जलरंगकार, ज्यांना निम्मं नाशिक नुसतं ‘सर’ म्हणतं. दुसरे एक आर्किटेक्ट, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. आणि मी, शाळेतली निवृत्त कलाशिक्षिका. माझी सगळी हयात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र तपासण्यात गेली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या किती पिढ्या हाताखालून गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण घड्याच्या तोंडाचा लंबगोल चुकला की तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. या सवयीचा परीक्षणात उपयोग होतो आणि उपद्रवही होतो.

ग्रेड परीक्षेत प्रश्न सोपा असतो. समोर काय ठेवलंय हे सगळ्यांना माहीत असतं. बादली, त्यावर टॉवेल, शेजारी मग. प्रमाण बरोबर आहे का, उजेड-सावली एका दिशेने आहे का, कागदावर मांडणी नीट बसली आहे का, एवढं पाहायचं आणि अ, ब, क लिहायचं. प्रदर्शनात समोर काय ठेवलं होतं हे चित्रकारालाच माहीत. कधी कधी त्यालाही नसतं.

संयोजकांनी आम्हाला छापील तक्ता दिला होता. रचना २०, रंगसंगती २०, तंत्र २०, मौलिकता २०, एकूण परिणाम २०. असा तक्ता पाहिला की लोकांना हायसं वाटतं, काहीतरी शास्त्रशुद्ध चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. चित्रासमोर उभं राहिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ते आवडतं किंवा आवडत नाही. मग पेन उघडतो आणि त्या आवडीला शोभतील असे गुण पाच रकान्यांत वाटून टाकतो. आवडलेल्या चित्राचं ‘तंत्र’ कच्चं असलं तर ‘मौलिकता’ फुगते. नावडत्या चित्राची रचना निर्दोष असली तरी बारावरच अडते. मी हे करते, सर करतात, आणि जो म्हणतो मी करत नाही तो जास्त करतो.

त्याहून मोठी गोम बेरजेत असते. समजा, एका चित्राला तिघांनी ७२, ७४ आणि ७३ दिले. बेरीज २१९. दुसऱ्याला दोघांनी ९४ आणि ९० दिले, तिसऱ्याने नाक मुरडून ३० टाकले. बेरीज २१४. पहिलं चित्र जिंकलं. म्हणजे कोणालाच फारसं न भिडलेलं, पण कोणालाच न खुपलेलं चित्र पुढे जातं. दोघांना वेड लावणारं मागे राहतं. तुम्ही कधी प्रदर्शनात प्रथम क्रमांकाच्या चित्रासमोर उभं राहून ‘बरंय, पण यालाच का?’ असं पुटपुटला असाल, तर त्याचं उत्तर बहुतेक वेळा या बेरजेत असतं. लबाडी झालेलीच असते असं नाही.

आमच्यातल्या आर्किटेक्टने आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितली. सर ६५ ते ८० यांच्यामध्येच गुण देतात, फार कोणाला दुखवत नाहीत. मी ३५ पासून ९५ पर्यंत जाते. ‘मॅडम, बेरीज केली तर निकाल तुमचाच लागणार. आमची दोघांची मतं त्यात दिसणारसुद्धा नाहीत.’ हिशेबाने ते बरोबर होतं. ज्याचे गुण जास्त पसरलेले, त्याचं वजन जास्त. म्हणून आम्ही ठरवलं की गुण संयोजकांच्या समाधानासाठी लिहायचे, पण निवड करताना प्रत्येकाने आपापली पहिली दहा चित्रं क्रमाने सांगायची आणि प्रत्येकासाठी एक कारण द्यायचं, तोंडाने, बाकी दोघांसमोर. ‘छान आहे’ हे कारण धरायचं नाही.

चित्रं टांगण्याआधी बघायची, हा माझा हट्ट होता. गंगापूर रोडजवळच्या त्या हॉलला एक दर्शनी भिंत आहे आणि एक स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ आहे. बोळातलं चित्र बक्षिसाला पोहोचलेलं मी अजून पाहिलेलं नाही. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर येईल असं टांगतात, सरासरी माणसाची नजर तिथे येते म्हणून. आपल्याकडे जिथे खिळा आधीच असतो तिथे चित्र जातं. शिवाय जलरंगाला काच लागते आणि काचेत ट्यूबलाइट, खिडकी आणि परीक्षक स्वतः दिसतात. तर सगळी चित्रं जमिनीवर, भिंतीला टेकवून, उत्तरेच्या खिडकीसमोर ओळीने लावली. एका अमूर्त चित्राला दोन बाजूंना हुक होते आणि सही आडवी. वरची बाजू कोणती हे संयोजकांनाही सांगता येईना. त्यांना ओशाळल्यासारखं झालं, पण त्यात तसं काही नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६१ मध्ये फ्रेंच चित्रकार मातीसचं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं आणि तिथे येणारेही दर्दीच होते.

पहिल्या फेरीत काही चित्रं मी न थांबता ओलांडते. पावसात एका छत्रीखाली चाललेलं जोडपं, पॅलेट नाइफने ओढलेलं, रस्त्यावर दिव्यांचे पिवळे-निळे फराटे. सात घोडे. अर्ध्या चेहऱ्याचा बुद्ध. बर्फातली झोपडी, तीही नाशिकच्या माणसाने काढलेली. ही चित्रं वाईट नसतात, हात बसायला उपयोगी असतात. पण ती इंटरनेटवरून उतरवलेली असतात आणि उतरवणाऱ्याने त्यात स्वतःचं काही घातलेलं नसतं. अलीकडे एआयकडून चित्र करून घ्यायचं, कॅनव्हासवर छापायचं आणि वरून ब्रशचे दोन-चार हात मारायचे, असाही उद्योग सुरू झालाय. अशा एका कॅनव्हासची कड उलटून पाहिली तर छपाई बाजूच्या घडीपर्यंत सरळ गेलेली होती. ते बाजूला काढलं. फारसं कोणी बोललं नाही.

खरी वादावादी झाली ती एका घाटावरूनच.

मोठं जलरंग चित्र होतं, अर्ध्या इंपीरिअलपेक्षा मोठं, जाड कागदावर. शहराच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेच्या काठावरून पाहिलेला नारोशंकर. पुढे पाणी, पाण्यात प्रतिबिंब, पायऱ्यांवर बायका, छत्र्या, एक हातगाडी. नाव होतं ‘गोदाप्रभात’. प्रत्येक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, एका दमात मारलेला. ओल्या कागदावर सोडलेलं आकाश कुठेही चिवडलेलं नाही. मंदिराच्या कळसाची एक कड धुक्यात हरवलेली, दुसरी लख्ख. सर तर त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले.

मी पाहत होते मंदिराची आपल्याकडची भिंत. तिच्यावर केशरी ऊन पडलेलं होतं.

नाशिककरांना हे सांगायला नको, तरी सांगते. त्र्यंबकहून पूर्वेकडे निघालेली गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. त्यामुळे तिथे जुनं शहर पश्चिम काठावर आणि पंचवटी पूर्व काठावर. नारोशंकर पंचवटीच्या बाजूला. शहराच्या काठावर उभं राहून सकाळी पाहिलं तर सूर्य देवळाच्या मागे असतो. देऊळ आपल्यापुढे काळं-निळं उभं असतं, कडेला फक्त उजेडाची रेघ, आणि पाणी डोळ्यांवर चमकतं. आपल्याकडच्या भिंतीवर केशरी ऊन येतं ते दुपार कलल्यावर. म्हणजे ‘गोदाप्रभात’ संध्याकाळची होती.

‘मग काय झालं?’ सर म्हणाले. ‘चित्र आहे ते, पंचांग नाही. नाव बदला, चित्र तेच राहील.’

यावर मी बराच वेळ अडून बसले आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही. नाव चुकलं एवढाच प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. पण एकदा संशय आल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. छत्र्यांच्या सावल्या काळ्या होत्या. नुसत्या गडद नव्हत्या, काळ्या. फोनचा कॅमेरा उन्हाला सांभाळून घेतो आणि सावलीला सोडून देतो. माणूस तिथे बसला तर त्याचा डोळा दोन मिनिटांत सावलीत शिरतो आणि तिथे निळा दिसतो, शेजारच्या साडीचा लालसर पडसाद दिसतो, दगडाचा ओला हिरवा दिसतो. डावीकडच्या इमारतीचे खांब वरच्या अंगाला आत झुकलेले होते. मोबाइल जरा वर उचलून फोटो काढला की असं होतं. डोळ्याला ते खांब सरळच दिसतात. चित्र कसबी हाताचं होतं यात वाद नाही, पण तो हात दुसऱ्याच कोणीतरी पाहिलेला घाट काढत होता.

फोटोवरून काढायला माझा विरोध नाही. नोकरी करणाऱ्या माणसाने घाटावर बसायचं कधी? रविवारच्या गर्दीत तर बोर्ड ठेवायलाही जागा नसते. पण फोटो वापरायचा तर त्यात नसलेलं आपल्याला काय ठाऊक आहे, हे चित्रात यावं. आर्किटेक्टचं म्हणणं त्याच्याही पुढचं होतं. ‘मॅडम, तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून तुम्हाला सूर्य कळला. हेच चित्र मुंबईत लागलं असतं तर परीक्षकाने डोळे मिटून पहिलं दिलं असतं. मग आपल्याला माहिती जास्त आहे म्हणून त्याचे गुण कापायचे का?’ मुद्दा बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर एवढंच होतं की प्रदर्शन नाशिकचं आहे, परीक्षक म्हणून नाशिकचीच माणसं बोलावली आहेत, मग आपण घाट विसरल्याचं सोंग का करायचं?

जलरंगाबद्दल सरांचा जीव एवढा का तुटतो ते मला कळतं. तैलरंगात, ऍक्रिलिकमध्ये उजेड शेवटी वरून चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो सुरुवातीलाच ठरवून राखावा लागतो, आणि एकदा त्यावर रंग गेला की गेला. मग पोस्टर कलरचा पांढरा लावून डागडुजी केली तर ती खडूसारखी उठून दिसते. सावळाराम हळदणकरांचं समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहून लोक ते तैलरंग समजतात, कित्येक जण तर रविवर्म्याचं म्हणून सांगतात. ते जलरंग आहे, १९४५ च्या सुमाराचं, रविवर्मा गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी काढलेलं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हळदणकरांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. ज्योतीवर धरलेल्या हाताच्या बोटांमधून जो तांबूस उजेड झिरपतो, तो पाहिल्यावर कळतं की चित्रकाराने कोणाला तरी खरोखर अंधारात दिवा घेऊन उभं केलं होतं आणि पुष्कळ वेळ पाहिलं होतं. मी हे सरांना म्हटलं. ते हसले. म्हणाले, ‘हळदणकरांना मध्ये आणलंत की आम्ही सगळेच नापास.’

आता ज्या चित्रावर आम्हा तिघांचं एका मिनिटात एकमत झालं ते सांगते. लहानसं होतं, वहीच्या दोन पानांएवढं. काळी शाई, बारीक निब. पुरातला दुतोंड्या मारुती.

बाहेरच्या वाचकांसाठी : नाशिकचा पूर आम्ही गोदेच्या पात्रात उभ्या असलेल्या या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे बातम्यांत येतं, पण एकमेकांना विचारताना प्रश्न असतो, पाणी कुठवर आलंय, गुडघ्याला, कमरेला की छातीला? २००८, २०१६, २०१९, ज्यांनी हे पूर पाहिले त्यांना ते असेच आठवतात. आणि पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोहोचल्याची गोष्ट निघाली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. या चित्रात पाणी कमरेच्या वर होतं. गंमत अशी की पाणी काढलेलंच नव्हतं. सगळा मारुती रेघांनी घडवलेला होता, एकाच दिशेने जाणाऱ्या, कुठे जाड होत जाणाऱ्या, कुठे केसाएवढ्या बारीक होत संपणाऱ्या. दंडाच्या गोलाईवर रेघ वळत होती आणि सावलीत दुसरी रेघ तिला तिरकी छेदत होती. कमरेपाशी आल्यावर सगळ्या रेघा एकदम थांबत होत्या. खाली कोरा कागद. त्यात फक्त चार-दोन आडव्या तुटक रेघा, एक वाहत आलेली फांदी, एक प्लास्टिकची बाटली आणि मारुतीला वळसा घालून जाणाऱ्या पाण्याची एक भोवऱ्याची वळी. त्या कोऱ्या जागेकडे पाहून पाण्याचा वेग कळत होता.

‘हा प्रेसमधला हात,’ सर लगेच म्हणाले. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आहे, शेजारी करन्सी नोट प्रेस, आणि त्या दोन प्रेसांच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली वस्ती आहे. नोटेवरचा चेहरा भिंगाखाली पाहिलात तर त्यात कुठेही करडा रंग भरलेला दिसणार नाही. नुसत्या रेघा असतात, जाड-बारीक, जवळ-लांब. त्यातूनच गाल, कपाळ, चष्मा उभा राहतो. ज्याने आयुष्य त्या रेघांच्या सहवासात काढलं असेल, त्यालाच मारुतीचा दंड असा दिसेल. सरांचा तर्क बरोबर निघाला, पण ते नंतर कळलं.

इथे नावं झाकण्याचा विषय येतो. संयोजकांनी प्रत्येक चित्राच्या मागे फक्त क्रमांक ठेवला होता आणि सहीवर कागदी चिकटपट्टी लावली होती. कल्पना चांगली. चर्चिलनेही १९४७ मध्ये डेव्हिड विंटर या नावाने लंडनच्या रॉयल अकादमीकडे चित्रं पाठवली होती आणि दोन निवडली गेली. पण लंडन मोठं आहे. नाशिकमध्ये कोण आकाशात कोबाल्ट वापरतो आणि कोणाच्या झाडांना बुंधे नसतात हे सरांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल. चिकटपट्टीने सही झाकली जाते, हात झाकला जात नाही. तीन-चार चित्रांपाशी सर न बोलता पुढे गेले. ती त्यांच्या विद्यार्थ्यांची होती हे मला नंतर लक्षात आलं, आणि त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

आणि मग डबा.

ऍक्रिलिक, कॅनव्हास बोर्ड, कडा थोड्या वाकलेल्या. स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर एक स्टीलचा मोठा डबा, दोन वांगी, एक तांब्या. मी आधी तो ओलांडून गेले होते, कारण डब्याचं तोंड लंबगोल आणि तळ चक्क सरळ रेघ. नजरेच्या जितकं खाली जावं तितका लंबगोल उघडत जातो, हे मी सातवीच्या मुलांना ओरडून सांगत आले. पण परत येताना थांबले. त्या डब्यात करडा रंग कुठेच नव्हता. नवशिका माणूस स्टील काढायचं म्हटलं की काळा-पांढरा मिसळून करडा करतो, कारण स्टील करडं असतं हे त्याला माहीत असतं. इथे डब्याच्या पोटात खिडकीची जाळी वाकून गेली होती. वांग्याचा जांभळा पातळ होऊन कडेला ओघळला होता. ओट्याच्या काळ्या कडाप्प्याची पट्टी खाली होती. आणि अगदी मध्यावर एक उभा, चिंचोळा नारिंगी पट्टा, त्याच्या वर छोटासा काळा ठिपका. मला उलगडायला क्षणभर लागला. चित्र काढणारी बाई होती ती. नारिंगी गाउनमध्ये, ओट्यासमोर उभी, डब्यात दिसणारी. तिने स्वतःला काढायचं म्हणून काढलं असेल असं मला वाटत नाही. तिथे नारिंगी दिसला, म्हणून तिने नारिंगी लावला.

मी तो डबा माझ्या यादीत पहिला सांगितला. सर म्हणाले, ड्रॉइंग कच्चं आहे. आहेच. आर्किटेक्ट म्हणाले, मांडणी डावीकडे कलंडली आहे. तीही कलंडली आहे. मी म्हटलं, या खोलीत उजेड कुठून येतो ते मला प्रत्येक चित्रात विचारायचं होतं, आणि तीन-चारच चित्रांनी उत्तर दिलं. त्यातलं हे एक. उरलेल्यांना हात आहे, रंग आहे, महागडा कागद आहे. लंबगोल मी कोणालाही एका दुपारी शिकवू शकते. स्टीलमध्ये नारिंगी बघायला कसं शिकवायचं, हे इतकी वर्षं नोकरी करून मला सापडलेलं नाही.

निकाल लागला तो असा : मारुती पहिला. घाट दुसरा. तिसरं बक्षीस एका पेस्टल व्यक्तिचित्राला, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, चांगलं होतं. डब्याला उत्तेजनार्थ. मी ‘परीक्षकांची विशेष पसंती’ असं काहीतरी सुचवून पाहिलं, पण ट्रॉफ्या आधीच कोरून आलेल्या होत्या, पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ. आपल्याकडच्या निम्म्या कलाविषयक निर्णयांमागे ट्रॉफीवाला असतो.

घाट दुसरा यायला नको होता असं माझं आजही मत आहे आणि मारुतीच्या खाली डबाच हवा होता. पण तिघांत दोघं एका बाजूला असतील तर तिसऱ्याने किती ताणावं यालाही मर्यादा असते. परीक्षकांच्या निर्णयाने चित्राचं नशीब ठरतं असंही नाही. अमृता शेरगिलने १९३५ मध्ये सिमल्याच्या कलासंस्थेचं बक्षीस परत पाठवलं होतं, कारण संस्थेने तिची काही चित्रं नाकारून तिच्याच दुसऱ्या चित्राला ते दिलं होतं. परीक्षकांनी आपलं काय घ्यावं आणि काय टाकावं, हे तिला पटलं नाही. दोन वर्षांनी बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं, ते तिने ठेवलं.

बक्षीस समारंभानंतरचा अर्धा तास मला समारंभापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एका हातात वडा, दुसऱ्यात प्रमाणपत्र, असे लोक येतात आणि विचारतात. ‘गोदाप्रभात’वाले गृहस्थ आले. नम्र, पन्नाशीचे, स्वतःचं दुकान आहे असं म्हणाले. ‘मॅडम, कुठे कमी पडलं?’ मी आडपडदा न ठेवता सूर्याचं सांगितलं. त्यांना धक्का बसेल असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, ‘माहितीये मला. संध्याकाळचाच फोटो आहे. पण “गोदासंध्या” नाव दिलं की घेत नाहीत हो लोक. घरात संध्याकाळ लावायला नको म्हणतात. “प्रभात” म्हटलं की नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये जातं.’ यावर मी काय बोलणार? नंतर कळलं, ते चित्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत विकलं गेलं.

डब्याच्या बाई सिडकोहून आलेल्या होत्या, सुनेबरोबर. बक्षीस का मिळालं हे त्यांना विचारायचंच नव्हतं. ‘तो तळ मला जमला नाही, मॅडम. तीनदा खोडला. कसा काढायचा?’ शेजारच्या टेबलावर चहाचे कागदी कप होते. त्यातला एक मी त्यांच्या नजरेच्या रेषेत धरला, मग हळूहळू खाली नेत गेले. काठ कसा उघडत जातो ते त्या बघत होत्या. सूनबाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. ‘हां, म्हणजे खालचा जास्त फुगतो,’ बाई म्हणाल्या आणि कप माझ्या हातातून घेऊन स्वतःच वर-खाली करायला लागल्या. नारिंगी पट्ट्याचं मी मुद्दाम काढलं नाही. ती जागा त्यांना दाखवली असती तर पुढच्या चित्रात त्यांनी ती ठरवून केली असती.

निघताना संयोजकांना मी म्हटलं, पुढच्या वर्षी तक्ता नको. त्याऐवजी प्रत्येक चित्रामागे एक चिठ्ठी लावा, आम्ही तिघं प्रत्येकी दोन ओळी लिहू. काय दिसलं, काय दिसलं नाही. बक्षीस न मिळालेल्यालाही घरी जाताना काहीतरी हातात राहील. त्यांनी वही काढून मनातल्या मनात गुणाकार केला. ‘मॅडम, शंभरावर चित्रं, तिघं परीक्षक, दोन-दोन ओळी. सर एवढं लिहितील? आणि मानधन तर तेवढंच आहे.’ मी म्हटलं, ज्यांना हवंय त्यांनाच लिहू, फॉर्मवर एक चौकोन ठेवा. ते म्हणाले, ‘चौकोनावर खूण सगळेच करणार.’ मग तुम्ही हॉल दोन दिवस आधी घ्या, मी म्हटलं. हॉलचं भाडं कोण देणार, यावर आमचं अजून चाललंय.